बोटं दिसतील असा कॅमेरा

३ मार्च

ताई,

हे पत्र माफीचं नाही. कॅमेऱ्याचं आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्याच ओळीला कागद फाडायची तुझी तयारी असेल तर निदान दुसऱ्या ओळीपर्यंत थांबशील.

पत्रच का, ते तुला विचारावं लागणार नाही. बाकीची दारं तूच लावून घेतली आहेस. व्हिडिओवर माझा नंबर बंद, मेसेजला उत्तर नाही, आणि याला झाली दोन वर्षं. पोस्टमन बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हा मार्ग.

तर काम असं आहे. आमच्या संस्थेनं ठरवलंय की दुभाष्यांनी आता इस्पितळांच्या चकरा मारायच्या नाहीत. घरीच बसायचं. तिकडे डॉक्टर बोलणार, ते मी इथे कानाला लावून ऐकणार आणि पडद्यावर हातांनी सांगणार. बहिरा पेशंट हातांनी बोलणार, ते मी तोंडानं डॉक्टरांना सांगणार. संस्थेनं यासाठी आम्हाला शुभेच्छा दिल्या. कॅमेरा दिला नाही. तो ज्याचा त्यानं आणायचा. दोन एप्रिलला परीक्षा आहे. तीन परीक्षक पडद्यावरून बघणार. हात नीट दिसले नाहीत किंवा सांगण्यात काही कमीजास्त झालं तर नाव यादीतून गुल. बावीस वर्षं केलेलं काम एका काचेच्या टिकलीवर येऊन अडकलंय.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात माझे हात म्हणजे पंख्याची पाती. मी सांगते ‘औषध घ्या’, दिसतं की बाई माशा हाकलतेय.

आता तुलाच का विचारतेय? कारण ऐकणारी माणसं कॅमेऱ्यापुढे नुसता चेहरा घेऊन बसतात. तुम्ही बहिरी माणसं त्याच्यातून संसार करता, भांडता, सोयरीक जमवता, उखाळ्यापाखाळ्या काढता. (‘कर्णबधिर’ लिहिलेलं तुला खपत नाही, हे लक्षात आहे. ‘तीन अक्षरांचं काम, पाच कशाला?’) तेव्हा बहीण म्हणून नको, जाणकार म्हणून सांग: कोणता घेऊ? खिसा आमचा नेहमीचाच. भारीतलं काही सुचवू नकोस.

त्या जुन्या भांडणाचा विषय मी काढणार नाही. चूक कुणाची होती ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

तुझी,
चोच

(सही बघून नाक मुरडू नकोस. नाव तूच ठेवलंस. मी चार वर्षांची होते, तू सहाची. दोन बोटं ओठांपुढे उघडमीट करून तू घरभर दाखवत फिरलीस, की ही आली, बडबडी. तेव्हापासून सगळ्या बहिऱ्या जगात माझं हेच नाव आहे.)


१० मार्च

ताई,

उत्तर मिळालं. तुमच्या लॅबच्या ‘कवळी स्वच्छ ठेवण्याचे सात नियम’ या पत्रकाच्या पाठीवर तेरा शब्द. मोजले. ‘फ्रेमा साठ हव्यात. चित्र लहान चालेल. मेगापिक्सेलला भुलू नकोस. उजेड आधी, कॅमेरा नंतर.’ ना ‘प्रिय’, ना ‘अनेक आशीर्वाद’. तारेचे पैसे शब्दावर मोजायचे त्या काळातसुद्धा माणसं याहून मोकळं लिहायची.

दुर्दैव असं, की ते येण्याआधी मी दुकानात जाऊन भुलून आले होते.

दुकानदार टाय लावलेला होता, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

“मॅडम, हा घ्या. फोर के. घरून काम करणाऱ्यांसाठी खास.”

“मला फक्त हात नीट दिसायला हवेत.”

“हात काय मॅडम, तुमची एक सुरकुती दिसणार नाही!”

“सुरकुत्या दिसू द्या. बोटं दिसायला हवीत.”

“बोटं कोण बघतंय हो? मीटिंगमध्ये सगळे चेहरा बघतात.”

त्यापूर्वी मी इंटरनेटवर लोकांचे अभिप्रायही वाचले होते. एकानं पाच तारे दिलेत: ‘खोकं सुंदर. अजून उघडलं नाही.’ दुसऱ्यानं एकच तारा: ‘कॅमेरा उत्तम आहे, पण मी जाड दिसतो.’ लोकशाहीवरचा माझा विश्वास तिथे थोडा हलला.

घरी येऊन लावला. तुझे मेहुणे लिफ्ट दुरुस्तीवरून आले होते, त्यांना फोन देऊन आतल्या खोलीत बसवलं आणि म्हटलं, तुम्ही पेशंट. खुणा त्यांना येतात त्या तुझ्याशी पत्ते खेळण्यापुरत्या, पण आकडे पक्के. मी डॉक्टरचा सल्ला सांगितला. आतून आवाज आला, “झालं?”

“किती गोळ्या सांगितल्या मी?”

“दीड.”

“अहो, पाच सांगितल्या!”

“साडेतीन कॅमेऱ्यानं खाल्ल्या. पण तू दिसतेस झकास हं. लग्नात अशी होतीस का?”

तो दीडशहाणा कॅमेरा चेहरा गुळगुळीत करतो आणि पाठीमागचं सामान आपणहून पुसट करतो. माझी बोटं त्याला सामान वाटली. खुर्ची, कपाट, पुस्तकांचा ढीग आणि माझी करंगळी, सगळं एकाच धुक्यात. दुसऱ्या दिवशी परत नेला. टायवाला म्हणाला, “बोटांसाठी वेगळा कॅमेरा येत नाही, मॅडम.” परत घेतला, पण असा, की मीच त्याच्या दुकानातून काहीतरी उचलून नेलं होतं.

आता प्रश्न असा: सेकंदाला साठ फ्रेमा, म्हणजे साठ चित्रं टिपणारा कॅमेरा स्वस्तात कुठे मिळतो? आणि जरा सविस्तर लिही. तू जगाला कवळ्या करून देतेस आणि माझ्यावर मात्र दात धरून बसतेस, हे काही बरं नाही. झालं काय होतं म्हणा! एका मुलाखतीत एखादा शब्द इकडचा तिकडे. त्याला दोन वर्षं?

चोच


१८ मार्च

ताई,

पानभर! दोन्ही बाजूंनी! मेहुण्यांनी लिफाफा हातात तोलून बघितला आणि म्हणाले, “बर्फ सुटलं वाटतं.” मी म्हटलं, आत दगडही असतील.

होतेच. पण आधी सल्ल्याबद्दल. तुझं सगळं पाळलंय. खिडकी पाठीशी होती ती समोर घेतली; म्हणजे टेबल फिरवलं, खिडकीला कोण फिरवणार. ‘उजेड कमी पडला की कॅमेरा आळशी होतो आणि फ्रेमा गाळतो, मग तू त्याला कितीही पैसे दे’, हे तुझं वाक्य मी भिंतीवर लावलंय. पाठीमागे निळी चादर टांगली आहे. कॅमेरा कपाळाच्या उंचीवरून छातीच्या उंचीवर आणला. ‘आपोआप फोकस करणारा घेऊ नकोस. हात पुढे आला की तो हाताकडे धावतो, मागे गेला की नाकाकडे धावतो, आणि मधल्या वेळात दोन्ही बुडतात. फोकस एका जागी ठाम असलेला, जुना, कुरूप, वापरलेला घे.’ नवराही असाच निवडावा, असं कंसात लिहिलंयस. मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “जुना आणि वापरलेला कबूल. कुरूप का?”

आणि मग तळाची ओळ. ‘“एखादा शब्द” नव्हे. काय केलंस ते नीट लिही. नाहीतर पुढचं उत्तर नाही.’

ब्लॅकमेल म्हणतात याला. पण परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, तेव्हा लिहिते.

तीन वर्षांपूर्वी तुझी या लॅबमध्ये मुलाखत झाली. दुभाषी मी. मालकांनी विचारलं, “तुम्हाला ऐकू येत नाही, मग डॉक्टरांचा फोन आला तर काय कराल?” तू हातांनी म्हणालीस, “कवळी फोनवरून ऐकून करतात, हे मला नवीन आहे.” मी तोंडानं म्हणाले, “मॅडम म्हणतात, लेखी सूचना मिळाल्या तर काम अधिक अचूक होईल.” मालकांनी मान डोलावली. मग विचारलं, “आमच्याकडे कामाचा ताण फार असतो, झेपेल?” तू म्हणालीस, “तुमच्याकडे माणसं टिकत नाहीत, म्हणून ताण आहे. ती का टिकत नाहीत ते आधी बघा.” मी म्हणाले, “त्यांना ताणाची सवय आहे.”

नोकरी मिळाली. वर्षानं मालकांनी तुला शुभेच्छापत्रावर लिहून दिलं: ‘मुलाखतीतलं तुमचं गोड, नम्र बोलणं अजून आठवतं.’ ते घेऊन तू माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, मी काय बोलले होते? मी सांगितलं. वर हेही सांगितलं, की तुझ्या भल्यासाठीच केलं.

तेव्हा तू डोळे मिटलेस.

ऐकणारं माणूस भांडणात फार तर तोंड फिरवतं. आवाज कानात जायचा तो जातोच. तू डोळे मिटलेस की समोरचा नाहीसाच होतो. दहा मिनिटं मी तुझ्या पापण्यांपुढे हात हलवत होते. शेवटी हे दारातून म्हणाले, “अगं, तिकडचे दिवे गेलेत. उगाच बटणं दाबू नकोस.”

झालं. लिहिलं. आता कॅमेरा कुठे मिळेल ते सांग.

चोच


२५ मार्च

ताई,

तुझ्या पाकिटात एक पत्ता निघाला, जुन्या सामानाच्या दुकानाचा. त्याच्याखाली एकच शब्द. ‘पुढे?’

माझ्या परीक्षकांनी तुझ्याकडे शिकवणी लावावी.

आधी पत्ता. दुकान म्हणजे तारांचं जंगल आणि मधोमध एक बाई, चष्मा केसांत खोचलेला, स्क्रूड्रायव्हर कानामागे. म्हटलं, स्वस्तातला वेबकॅम हवाय.

“कशाला?”

“हातांनी बोलायला.”

तिनं खोक्यातून तीन कॅमेरे काढले, एकेक जोडला आणि म्हणाली, “हलवा हात.” पहिल्यात मी पिठाच्या धुरळ्यासारखी. दुसऱ्यात हात दिसले, पण आधी हात आणि मग त्याची आठवण. तिसऱ्यात मी ‘दुखतं’ म्हणाले आणि पडद्यावर चक्क दुखलं. पाचही बोटं, प्रत्येक आपापल्या जागी.

“हा घ्या,” बाई म्हणाली. “दिसायला बावळट आहे, झाकणही तुटलंय. पण एका नाचाच्या बाईंकडे होता. हलणारं माणूस त्याला कळतं.”

टायवाल्याच्या कॅमेऱ्याच्या पाव किमतीत आणला. घरी एकच गोंधळ झाला. हे पडद्यात डोकावून ओरडले, “अगं, तू डावखुरी झालीस!” आपलं आपल्याला आरशासारखं उलटं दिसतं, समोरच्याला सुलटंच दिसतं, हे त्यांना पटवायला अर्धा तास लागला. लिफ्ट वर जाते की खाली हे रोज बघणारा माणूस!

आता ‘पुढे’.

मुलाखत ही काही पहिली वेळ नव्हती, ताई. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, आपल्या बाबांपुढेसुद्धा मी हेच करत आले. घरात सगळे मला तिखट म्हणतात. खरी तिखट तू आहेस. तुझी मिरची मी वाटेत धुऊन, पुसून, साखरेत घोळवून पोचवायचे, आणि लोक म्हणायचे, थोरली किती सोशिक.

इथवर लिहून मी काल पेन ठेवलं होतं. वाटलं, पुरे. पण तुझा तो ‘पुढे?’ टेबलावरून माझ्याकडे बघत होता.

तर ऐक. (म्हणजे बघ.) धुतलेली मिरची मी फेकून दिली नाही. स्वतःसाठी ठेवली. ‘कवळी फोनवरून ऐकून करतात का’ हा विनोद मी तीन ठिकाणी माझा म्हणून सांगितला. संस्थेच्या वार्षिक जेवणात टाळ्या पडल्या. काकाच्या नव्या घरावरचा, शेजारणीच्या गाण्यावरचा, माझ्याच लग्नातल्या यांच्या सुटाबुटावरचा, सगळे तुझे. लोक म्हणतात, बाई फार धारदार बोलतात हो. धार तुझी, मूठ माझी. तुला गोड करून मी स्वतः तिखट झाले. हे मी यांनाही सांगितलेलं नव्हतं. आज सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, “सुटाबुटाचं मला ठाऊक होतं. तू इतकी चांगली नाहीस.”

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ते माफीचं नाही. ते खरंच होतं. हे मात्र आहे. माफ कर, ताई.

आणि एक मागणं आहे. परीक्षेआधी एकदा कॅमेऱ्यावर मला बघशील? तू बोलू नकोस हवं तर. बोटं पोचतात की नाही, एवढंच सांग. नंबर उघडायचा की नाही, तुझी मर्जी.

चोच


३१ मार्च

ताई,

काल काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूला काय झालं ते माहीत नाही, म्हणून लिहिते.

दुपारी पडदा उजळला आणि तू. पांढरा कोट, नाकावर प्लॅस्टरची धूळ. दोन वर्षांनी समोर आलेली बहीण काय म्हणते? “डावीकडे सरक. खांदा कापला जातोय.” मग, “कोपर दिसत नाही.” मग, “ते काय घातलंयस? फुलाफुलांच्या कपड्यावर बोटं हरवतात. साधं घालून ये.” मी पळत जाऊन बदलून आले. माझे डोळे भरले होते ते तुला उजेडाचं वाटलं असावं, कारण तू म्हणालीस, “दिवा जरा मागे घे.”

सगळं जमल्यावर मला वाटलं, आता ‘छान’ म्हणेल आणि जाईल. तू लॅपटॉप जरासा फिरवलास. शेजारच्या स्टुलावर एक डॉक्टर, हातात कवळी, चेहऱ्यावर तक्रार.

हातांची चाचणी म्हणून आले होते. ही तर जिभेची निघाली.

डॉक्टर म्हणाले, “बाई, ही तिसऱ्यांदा ढिली आली. पेशंट जेवायला बसला की कवळी ताटात पडते. तुमच्या कामात दोष आहे.” मी जसंच्या तसं हातांनी सांगितलं. तू शांतपणे म्हणालीस, “माप घेताना तुम्ही फोनवर होता.”

ताई, खरं सांगते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: ‘मॅडम म्हणतात, माप पुन्हा घेतलं तर बरं होईल.’ कसं घरंगळत आलं होतं! डॉक्टर रागावले तर तुझ्या लॅबकडे काम पाठवणार नाहीत. मालक तुलाच बोलतील. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. आणि तू माझ्याकडे बघत होतीस. ओठांकडे नाही. डॉक्टरांकडे तर नाहीच. माझ्याकडे.

मी म्हणाले, “माप घेताना तुम्ही फोनवर होता.”

“कशावरून?”

“साच्यावरून. पेशंटची जीभ तीन ठिकाणी उमटली आहे. तोंडात साचा धरून तुम्ही दुसऱ्याशी बोलत होता, आणि तो बिचारा काहीतरी सांगायची धडपड करत होता. मी दात करते, डॉक्टर. हलत्या जिभेवर दात बसवायला मी जादूगार नाही.”

सगळं बोलले. ‘मॅडम म्हणतात’ नाही. ‘मी’. शब्द एकही गाळला नाही. तळहात मात्र घामानं इतके भिजले, की चादरीला पुसले. ते तुला दिसलं असेल, साठ फ्रेमांत.

डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी तुझ्या टेबलावरचा साचा उचलून उजेडात धरला. बघतच राहिले. आणि हसायला लागले. “त्या दिवशी बायकोचा फोन होता,” म्हणाले. “पेशंटला उद्याच बोलावतो. पण बाई, हे तुम्ही आधी का नाही बोललात?”

मग तुझे हात हलले. छोटं वाक्य होतं.

“बोलत होते. पोचत नव्हतं.”

हे मला मोठ्यानं म्हणावं लागलं, ताई. माझ्याच आवाजात, ‘मी’ होऊन. डॉक्टरांना वाटलं, चिठ्ठ्यांबद्दल आहे. तू दोन वर्षं चिठ्ठ्यांवर भागवलंस आणि त्या कुणी वाचत नाही, हे त्यांना कळलं आणि त्यांनी कान पकडले. मला कुणाबद्दल होतं ते कळलं. पण दुभाष्यानं मध्ये स्वतःचं काही घालायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर गेले, आणि तू हसायला लागलीस. दोन्ही हात, खांदे, प्लॅस्टरची धूळ, सगळं हसत होतं. मीही. शेजारच्या खोलीतून हे धावत आले, त्यांना वाटलं लाईन बिघडली.

चोच


३ एप्रिल

ताई,

आता कॅमेरा आहे, नंबर उघडा आहे, तरी पत्र लिहितेय. कारण कॅमेऱ्यावर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

पास! तीन परीक्षकांचा शेरा असा: ‘हात स्पष्ट. सांगण्यात कमी नाही, जास्त नाही. पेशंट चिडलेला असताना दुभाषीही तितकीच चिडलेली वाटली, हे योग्य आहे.’ त्यातल्या एका बहिऱ्या परीक्षकबाईंनी शेवटी विचारलं, कॅमेरा कोणता? मी तुटक्या झाकणासकट उचलून दाखवला. बाकीच्या परीक्षार्थींकडे टायवाल्याचे होते. दोघांच्या बोटांचा अजून शोध चालू आहे. मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला, आणि विचारल्यावर सांगितलं की निवड माझी नाही, थोरल्या बहिणीची. संस्थेच्या साहेबांना कवळी आणि फोनचा विनोद खरा कुणाचा, तेही सांगितलं. ते म्हणाले, “मग तुमचा कुठला?” अजून आठवतेय.

हे लिहीत असतानाच तुझा मेसेज आला. तसाच उतरवून ठेवते, शब्द इकडचा तिकडे न करता:

‘मंगळवारी तीन वाजता दुसरा डॉक्टर येतोय. पहिल्यापेक्षा वाईट आहे आणि मी दोन वर्षं साठवलंय. पोटभर जेवून बस. मेहुण्यांना म्हणावं, दार लावून घ्या.’

बसते, ताई. तू त्याला सोडू नकोस.

तुझी,
चोच